हमीदा बानू

हमीदा बानू (मृत्यू : १९८६) या भारतीय महिला मल्ल होत्या. विसाव्या शतकाच्या पाचव्या आणि सहाव्या दशकांत त्यांनी उत्तर प्रदेश, पंजाब आणि तत्कालीन मुंबई राज्यातील आखाड्यांत जाहीर कुस्त्या केल्या. त्यांतील बहुतेक कुस्त्या पुरुष मल्लांशी होत्या. भारतातील पहिल्या व्यावसायिक महिला कुस्तीगीर म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. वृत्तपत्रांनी त्यांना ‘अलिगढची अॅमेझॉन’ हे नाव दिले होते. ग्रीक पुराणकथांतील लढवय्या स्त्रियांना अॅमेझॉन म्हणत, त्यावरून हे नाव आले. मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि बडोदा या शहरांशी त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाच्या घटना निगडित आहेत. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे गेला.

जन्म आणि तालीम

हमीदा बानू मूळच्या उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या. मुलीने आखाड्यात उतरणे त्या काळच्या समाजाला मान्य होण्यासारखे नव्हते. कुस्तीच्या ध्यासाने त्यांनी मिर्झापूर सोडले आणि अलिगढ गाठले. तेथे सलाम पैलवान या वस्तादांच्या हाताखाली त्यांनी तालीम घेतली. पुढे त्यांच्या कुस्त्यांचे आणि दौऱ्यांचे सर्व व्यवहारही सलाम पैलवानांभोवतीच फिरत राहिले.

हमीदा बानूंची उंची ५ फूट ३ इंच आणि वजन १०८ किलो होते. वृत्तसंस्थांनी त्यांच्या दिनक्रमाची आणि खुराकाची तपशीलवार नोंद करून ठेवली आहे. त्या दिवसाला सहा तास मेहनत करीत आणि नऊ तास झोप घेत. रोजच्या आहारात सुमारे ५.६ लिटर दूध, २.८ लिटर सूप, १.८ लिटर फळांचा रस, एक कोंबडी, सुमारे १ किलो मटण, बदाम, अर्धा किलो लोणी, ६ अंडी, दोन मोठे पाव आणि दोन थाळ्या बिर्याणी इतके पदार्थ असत. या आकड्यांत प्रसिद्धीचा भाग किती, हे सांगता येत नाही. तथापि दूध, बदाम, लोणी आणि मांस हा त्या काळच्या कोणत्याही नामांकित मल्लाचा नेहमीचा खुराक होता. बाईच्या बाबतीत मात्र तो बातमीचा विषय ठरला.

तत्कालीन कुस्तीजगत

हमीदा बानूंच्या कारकिर्दीचे स्वरूप समजण्यासाठी त्या काळातील कुस्तीची स्थिती लक्षात घ्यावी लागते. पश्चिम भारतातील कुस्तीला संस्थानिकांचा मोठा आश्रय होता. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी तालमी उभारल्या, मल्लांना वेतन व खुराक दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधून पूर्ण केले. बडोद्याच्या गायकवाडांनीही मल्लविद्येला उदार आश्रय दिला. १९४९ मध्ये कोल्हापूर आणि बडोदा ही दोन्ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली आणि हा राजाश्रय ओसरू लागला. मल्लाला पोटासाठी जत्रेतील इनाम आणि शहरातील तिकिटाचे मैदान यांवर अवलंबून राहणे भाग पडले.

याच सुमारास मुंबईत फ्रीस्टाइल कुस्त्यांचे युग सुरू झाले. परदेशी मल्ल, भडक जाहिराती, विजेच्या प्रकाशातील रिंगण आणि हजारोंची गर्दी हे या कुस्त्यांचे वैशिष्ट्य होते. किंग काँग आणि दारासिंग यांची नावे याच काळात घरोघरी पोहोचली. या मैदानांत खरी चुरस किती आणि तमाशा किती, असा प्रश्न जाणकार तेव्हाही विचारीत असत. निकाल आधीच ठरवून खेळलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. हा शब्द पुढे राजकीय लिखाणातही रूढ झाला.

या दोन्ही जगांत स्त्रीला जागा नव्हती. परंपरागत तालमीत मारुतीची मूर्ती, हळद, ताक, लिंबू व तेल घालून मुरवलेली लाल माती, लंगोट आणि ब्रह्मचर्याचे व्रत यांना धार्मिक महत्त्व असे. स्त्रीने हौद्याजवळ जाणेही निषिद्ध मानले जाई. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. मात्र स्त्रियांची कुस्ती त्या ऑलिंपिकमध्ये नव्हती आणि भारतात तिच्यासाठी कोणतीही संघटना, वजनगट किंवा स्पर्धा नव्हती. त्यामुळे कुस्ती खेळू इच्छिणाऱ्या स्त्रीला मैदान भरवणाऱ्या ठेकेदाराचा आधार घेणे आणि मिळेल त्या पुरुष मल्लाला आव्हान देणे, एवढाच मार्ग उरत होता. हमीदा बानूंनी तो स्वीकारला.

कारकीर्द

मुंबईतील १९४४ ची कुस्ती

हमीदा बानूंच्या नावाची मुंबईतील एक महत्त्वाची नोंद १९४४ ची आहे. त्या वर्षी गुंगा पैलवान यांच्याशी त्यांची कुस्ती ठरली होती. बॉम्बे क्रॉनिकल या वृत्तपत्राच्या बातमीनुसार ती पाहण्यासाठी सुमारे २०,००० लोक जमले होते. ऐन वेळी गुंगा पैलवानांनी जास्त पैशांची आणि तयारीसाठी जास्त मुदतीची मागणी केली. संयोजकांना ती पुरी करता आली नाही आणि कुस्ती रद्द झाली. संतापलेल्या प्रेक्षकांनी मैदानात मोडतोड केली. एका स्त्रीच्या कुस्तीसाठी इतके लोक तिकीट काढून येतात, हे या घटनेने सिद्ध झाले. पुढील दहा वर्षांत संयोजकांनी याच गोष्टीचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

१९५४ चे आव्हान

१९५४ हे हमीदा बानूंच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेले वर्ष होय. त्या वेळी त्यांनी तिशी ओलांडली होती. फेब्रुवारी महिन्यात त्यांनी जाहीर केले, की जो पुरुष आपल्याला कुस्तीत हरवील त्याच्याशी आपण लग्न करू. स्वयंवरातील पणाची आठवण करून देणारी ही घोषणा वृत्तपत्रांनी उचलून धरली आणि परदेशी वृत्तसंस्थांनीही तिच्या बातम्या दिल्या. घोषणेनंतर थोड्याच काळात त्यांनी दोन नामांकित पुरुष मल्लांना हरवले. त्यांतील एक पतियाळाचा आणि दुसरा कलकत्त्याचा होता. तोपर्यंत आपण ३०० हून अधिक कुस्त्या जिंकल्याचा दावा त्या करीत असत.

लग्नाचा पण ही उघडच जाहिरातीची युक्ती होती. तिच्यामुळे मैदाने भरत. मात्र त्या युक्तीची किंमत हमीदा बानूंनाच मोजावी लागली. कुस्तीच्या बातमीत डावापेक्षा लग्नाची थट्टा मोठी होऊ लागली आणि त्यांच्या विजयाकडे मल्लाचा पराक्रम म्हणून पाहण्याऐवजी गंमत म्हणून पाहण्याची सवय वाचकांना लागली.

बडोद्याची कुस्ती

मे १९५४ मध्ये हमीदा बानू त्या वर्षातील तिसऱ्या कुस्तीसाठी बडोद्यास आल्या. शहरभर फिरणाऱ्या वाहनांवर त्यांचे फलक लावण्यात आले होते आणि त्यांना पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली होती. त्यांची लढत प्रथम छोटे गामा या मल्लाशी ठरली होती. छोटे गामा यांना बडोद्याच्या महाराजांचा आश्रय होता. त्यांनी ऐन वेळी स्त्रीशी कुस्ती करण्यास नकार दिला आणि माघार घेतली. त्यांच्या जागी बाबा पैलवान उभे राहिले.

ही कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत निकाली झाली. हमीदा बानूंनी बाबा पैलवानांना चितपट केले. लग्नाच्या पणातून बाबा पैलवान बाद झाले, असे पंचांनी तेथेच जाहीर केले. ही आपली शेवटची कुस्ती, अशी घोषणा बाबा पैलवानांनी तत्काळ केल्याचीही नोंद आहे. वृत्तसंस्थेमार्फत ही बातमी जगभर गेली. हमीदा बानूंच्या नावाशी आज सर्वाधिक जोडली जाणारी कुस्ती हीच होय.

छोटे गामा यांची माघार या संदर्भात विचारात घेण्यासारखी आहे. पुरुष मल्लाने स्त्रीला हरवले तर त्यात पराक्रम नाही आणि तिच्याकडून हार पत्करली तर जन्मभराची नाचक्की, अशी ही कोंडी होती. त्यामुळे नावाजलेले मल्ल हमीदा बानूंसमोर येण्याचे टाळत. ते न आल्यामुळे त्यांना दुय्यम मल्लांशी लढावे लागे. दुय्यम मल्लांशी लढल्यामुळे त्यांच्या विजयाचे मोल कमी लेखले जाई. या चक्रातून त्यांना शेवटपर्यंत बाहेर पडता आले नाही.

कोल्हापूर आणि पुणे

कोल्हापूरच्या मैदानात हमीदा बानूंनी शोभा सिंग पंजाबी या पुरुष मल्लाला हरवले. निकाल लागताच प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली आणि त्यांच्यावर दगडफेक केली. जमावाला आवरण्यासाठी पोलिसांना बोलवावे लागले. ही कुस्ती म्हणजे निव्वळ फार्स असल्याचा आरोप झाला. कोल्हापूरचा प्रेक्षक कुस्तीचा दर्दी म्हणून प्रसिद्ध आहे. डाव लागला की बसवला, हे त्याला लांबून कळते, अशी त्याची ख्याती आहे. त्यामुळे त्याचा राग केवळ स्त्रीच्या विजयाबद्दल होता असे म्हणता येत नाही. त्याचबरोबर, नुरा कुस्तीचा संशय आल्यावर दगड हरलेल्या मल्लावर किंवा संयोजकांवर न पडता जिंकलेल्या स्त्रीवर पडले, हेही नजरेआड करता येत नाही.

पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी त्यांची कुस्ती ठरली होती. स्थानिक राष्ट्रीय तालीम संघाने आक्षेप घेतल्यामुळे ती रद्द करावी लागली. स्त्रीपुरुषांची जाहीर कुस्ती मल्लविद्येच्या प्रतिष्ठेला धरून नाही, ही भावना तालमींच्या जगात प्रबळ होती.

मुख्यमंत्र्यांकडे तक्रार

आपल्या कुस्त्यांवर येणाऱ्या बंदीविरुद्ध हमीदा बानूंनी मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे लेखी तक्रार केली. स्त्री असल्याच्या कारणावरून ही बंदी घातलेली नाही, असे देसाई यांनी उत्तरात कळवले. संयोजकांविरुद्ध तक्रारी आल्या होत्या. हमीदा बानूंसमोर नावापुरते, हरण्यासाठीच आणलेले मल्ल उभे केले जातात, असे त्या तक्रारींत म्हटले होते.

हा पत्रव्यवहार दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. आपला व्यवसाय करण्याच्या हक्कासाठी एका महिला खेळाडूने राज्याच्या सर्वोच्च कार्यकारी अधिकाऱ्याकडे दाद मागितल्याचे हे स्वातंत्र्योत्तर काळातील आरंभीचे उदाहरण आहे. दुसरे असे, की तक्रार संयोजकांविरुद्ध असली तरी बंदीचा फटका मल्लाला बसला. मैदान बंद झाले की ठेकेदार दुसरा खेळ भरवू शकत असे. हमीदा बानूंना दुसरा खेळ नव्हता.

व्हेरा चिस्तिलिन आणि राजा लैला

१९५४ मध्येच मुंबईत हमीदा बानूंची कुस्ती व्हेरा चिस्तिलिन यांच्याशी झाली. चिस्तिलिन यांची जाहिरात रशियाची अस्वलीण अशी केली जात होती. हमीदा बानूंनी त्यांना एका मिनिटाच्या आत हरवले. सिंगापूरच्या महिला मल्ल राजा लैला यांच्याशीही त्यांची त्याच वर्षी लढत झाली. या लढतींनंतर आपण युरोपातील मल्लांशी लढण्यासाठी तिकडे जाणार असल्याचे त्यांनी जाहीर केले. प्रत्यक्षात तो दौरा कधीच झाला नाही. या घोषणेनंतर थोड्याच काळात त्यांचे नाव कुस्तीच्या बातम्यांतून नाहीसे झाले.

कुस्त्यांच्या खरेपणाचा वाद

हमीदा बानूंच्या कुस्त्या खऱ्या होत्या की ठरवलेल्या, हा प्रश्न त्यांच्या हयातीत उपस्थित झाला आणि आजही त्यांच्याविषयी लिहिताना तो टाळता येत नाही. दिल्लीचे इतिहासलेखक महेश्वर दयाल यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात दोन्ही बाजू नोंदवल्या आहेत. हमीदा बानू अगदी पुरुष मल्लांसारख्याच लढत, असे ते सांगतात. प्रतिस्पर्ध्याशी आधी गुप्त करार होई आणि तो मुद्दाम हरे, असे काही लोक म्हणत, हेही ते नमूद करतात. भारतीय क्रीडेतिहासाचे अभ्यासक रणोजय सेन यांनी या मैदानांतील खेळ आणि करमणूक यांची सरमिसळ दाखवून दिली आहे. हमीदा बानूंच्या एका कुस्तीनंतर एक लंगडा आणि एक अंध अशा दोन मल्लांची कुस्ती ठेवण्यात आली होती. अंध मल्लाने दात दुखत असल्याची तक्रार केल्यामुळे ती झाली नाही आणि दुसऱ्याला विजयी घोषित करण्यात आले. ज्या मैदानाचा कार्यक्रम असा असे, त्यातील निकालांवर शंका घेतली जाणे स्वाभाविक होते.

या कुस्त्यांचे चित्रण सहज उपलब्ध नाही. त्यामुळे अभ्यासकाला वृत्तपत्रांतील मोजक्या ओळी, वेळेची नोंद आणि प्रेक्षकांची प्रतिक्रिया यांवरूनच अनुमान करावे लागते. संशयाच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक म्हणजे लढतींचा अल्प कालावधी आणि दुसरी म्हणजे संयोजकांविरुद्धच्या तक्रारी. यांपैकी पहिला मुद्दा निर्णायक नाही. १९२८ मध्ये पतियाळा येथे थोरल्या गामा पैलवानांनी पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांना एका मिनिटाच्या आत चितपट केले होते. १९१० मध्ये लंडनमध्ये याच दोघांची कुस्ती अडीच तासांहून अधिक काळ चालून अनिर्णित राहिली होती. पतियाळ्याचा निकाल झटपट लागला म्हणून तो खोटा, असे कोणी म्हणत नाही. दोन मल्लांत ताकदीचा किंवा तयारीचा फरक असेल तर निकाली कुस्ती पहिल्याच झटापटीत संपू शकते. १०८ किलो वजनाच्या आणि रोज सहा तास मेहनत करणाऱ्या मल्लाने दुय्यम दर्जाच्या प्रतिस्पर्ध्याला दीड मिनिटात पाडणे अशक्य नव्हे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. काही मैदानांत हरण्यासाठी मल्ल आणले गेले असावेत, हे तक्रारींवरून संभवनीय वाटते. परंतु त्याच काळातील पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांवरही हाच आरोप होत असे. तेथे त्याची झळ व्यवसायाला लागली. त्या मल्लांच्या अंगी ताकद व कौशल्य होते, हे कोणी नाकारले नाही. हमीदा बानूंच्या बाबतीत एखादी कुस्ती ठरवलेली असल्याचा संशय त्यांच्या सर्व कुस्त्यांवर आणि अखेर त्यांच्या बळावरच पसरला. छोटे गामा आणि गुंगा पैलवान यांच्याशी ठरलेल्या कुस्त्या खेळल्या गेल्या असत्या तर या प्रश्नाचे उत्तर आखाड्यातच मिळाले असते.

समकालीन जगातील महिला कुस्ती

हमीदा बानूंचे आयुष्य त्यांच्या समकालीन अमेरिकन मल्ल मिल्ड्रेड बर्क (१९१५–१९८९) यांच्या आयुष्याशी अनेक बाबतींत जुळते. बर्क यांनीही १९३० च्या दशकात जत्रांतील तंबूंमध्ये पुरुषांना आव्हान देऊन कारकीर्द सुरू केली आणि अनेक पुरुषांना हरवले. पुढे त्या महिलांच्या जागतिक विजेत्या म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांचे पती बिली वुल्फ हेच त्यांचे व्यवस्थापक होते. वुल्फ त्यांना मारहाण करीत असत.

नोव्हेंबर १९५४ मध्ये, म्हणजे बडोद्याच्या कुस्तीनंतर सहा महिन्यांनी, बर्क आपल्या सहकारी मल्लांसह जपानच्या दौऱ्यावर गेल्या. जपानमध्ये महिलांची कुस्ती युद्धानंतर लहान नाट्यगृहांतील करमणुकीच्या स्वरूपात सुरू झाली होती. बर्क यांच्या दौऱ्याने तिला मोठ्या सभागृहांत आणले आणि लगोलग तेथे महिला मल्लांच्या संस्था निघाल्या. त्यांपैकी बहुतेक फार काळ टिकल्या नाहीत. मात्र १९६८ मध्ये अखिल जपान महिला व्यावसायिक कुस्ती ही संस्था स्थापन झाली आणि बर्क यांच्या संघटनेचा विजेतेपदाचा पट्टा तिचा सर्वोच्च किताब बनला. १९७० च्या दशकातील ब्यूटी पेअर आणि १९८० च्या दशकातील क्रश गॅल्स या जोड्यांच्या लढती दूरचित्रवाणीवर लाखो लोक पाहत. त्यांच्या चाहत्यांत शाळकरी मुलींचा भरणा मोठा होता. या लढतींचे निकालही ठरवलेले असत. तरीही त्यांतील मेहनत, कसब आणि सोसावी लागणारी दुखापत खरी असते, हे प्रेक्षकांनी मान्य केले. जुन्या जपानी महिला कुस्त्यांचे चित्रण आज जगभर आवडीने पाहिले जाते आणि अभ्यासले जाते.

भारतात असे घडले नाही. जपानमध्ये मुलींना तालीम देणारी संस्था, त्यांची आपसांतील चुरस आणि दूरचित्रवाणीचा आधार या तिन्ही गोष्टी उपलब्ध झाल्या. हमीदा बानूंकडे यांपैकी एकही नव्हती. त्यांच्यामागे दुसरी मुलगी आखाड्यात उतरेल अशी व्यवस्था कोणी केली नाही. त्यामुळे त्या थांबल्या तेव्हा भारतातील व्यावसायिक महिला कुस्तीही त्यांच्यासोबत थांबली.

कल्याणमधील आयुष्य

हमीदा बानू आणि सलाम पैलवान अलिगढहून मुंबई आणि कल्याण येथे येत असत. कल्याणमध्ये त्यांचा दुधाचा व्यवसाय होता. युरोपला जाण्याच्या हमीदा बानूंच्या बेताला सलाम पैलवानांचा विरोध होता. त्यांना रोखण्यासाठी सलाम पैलवानांनी त्यांना मारहाण केली आणि त्यांचे हात मोडले, असे त्यांच्या नातवाने सांगितले आहे. त्यांच्या पायांनाही मार लागला होता. त्यांना उभे राहता येत नसे आणि पुढे हाडे जुळल्यावरही कित्येक वर्षे काठीशिवाय नीट चालता येत नसे, अशी आठवण त्यांच्या परिचितांनी नोंदवली आहे. हमीदा बानू कुस्तीतून एकाएकी दिसेनाशा का झाल्या, याचा सर्वांत सुसंगत खुलासा या आठवणींतून मिळतो.

या दोघांच्या नात्याविषयी कुटुंबीयांत एकमत नाही. सलाम पैलवानांच्या मुलीच्या मते दोघांचा विवाह झाला होता. हमीदा बानूंच्या नातवाला हे मान्य नाही. जो हरवील त्याच्याशी लग्न करीन, असा पण त्यांनी लावला होता आणि तो पण कोणीही जिंकला नव्हता. त्यामुळे हा मतभेद केवळ कौटुंबिक राहत नाही, तर त्यांच्या सार्वजनिक प्रतिमेशीही संबंधित ठरतो.

कालांतराने सलाम पैलवान अलिगढला परतले. हमीदा बानू कल्याणलाच राहिल्या. दूधविक्री आणि घरभाडे यांवर त्यांचा चरितार्थ चालत असे. पैशांची चणचण भासू लागली तेव्हा त्या घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्याच्या कडेला बसून विकत. ज्या मुंबईत २०,००० लोक त्यांना पाहायला आले होते, तिच्यापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर त्यांची अखेरची वर्षे अशा स्थितीत गेली. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

साहित्यातील उल्लेख

उर्दू लेखिका कुर्रतुलैन हैदर यांच्या ‘डालनवाला’ या कथेत हमीदा बानूंचा उल्लेख येतो. कथेतील घरगडी दंगल पाहून येतो आणि तिथल्या वाघिणीला कोणीच हरवू शकले नाही असे सांगतो, असा तो प्रसंग आहे. वृत्तपत्रांनी केलेल्या थट्टेच्या तुलनेत सामान्य प्रेक्षकांच्या मनातील कौतुक या उल्लेखातून अधिक स्पष्टपणे दिसते.

वारसा

हमीदा बानूंच्या निधनानंतर एका वर्षाने, १९८७ मध्ये, नॉर्वे येथे महिलांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा झाली. ऑलिंपिकमध्ये महिला कुस्तीचा समावेश २००४ च्या अथेन्स स्पर्धेपासून झाला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत गीता फोगाट यांनी सुवर्णपदक जिंकले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिक यांनी मिळवलेले कांस्यपदक हे भारतीय महिलेचे कुस्तीतील पहिले ऑलिंपिक पदक ठरले.

महाराष्ट्रात महाराष्ट्र केसरी किताबाची स्पर्धा १९६१ मध्ये सुरू झाली. महिलांसाठीची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगली येथे झाली आणि प्रतीक्षा बागडी तिच्या विजेत्या ठरल्या. दोन्ही स्पर्धांच्या आरंभात ६२ वर्षांचे अंतर आहे. कोल्हापूर आणि सांगली परिसरातील अनेक केंद्रांत आज मुली मातीवर आणि मॅटवर नियमित सराव करतात. त्यांच्यासाठी वजनगट, पंच, गुणपद्धती आणि समान तयारीच्या प्रतिस्पर्धी मुली आहेत. आपले बळ सिद्ध करण्यासाठी त्यांना पुरुषांशी लढण्याची किंवा लग्नाचा पण लावण्याची आवश्यकता नाही.

४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर हमीदा बानूंचे चित्र प्रसिद्ध करून त्यांना मानवंदना दिली. बडोद्याच्या कुस्तीला त्या सुमारास ७० वर्षे पूर्ण झाली होती. त्यानंतर त्यांच्याविषयी नव्याने लेखन होऊ लागले आणि विस्मृतीत गेलेली ही कारकीर्द भारतीय क्रीडेतिहासाच्या अभ्यासकांसमोर पुन्हा आली.